ज्याचं झाड मेलं, त्यानं बोलावं

मुलांनो,

तुम्ही दोघं सध्या एकमेकांशी बोलत नाही, हे मला तुमच्या आईकडून कळलं. कारण विचारलं तर ती म्हणाली, "पाव." मी पुन्हा विचारलं. मग तिनं नीट सांगितलं. घरी पाव भाजणाऱ्यांचा इंटरनेटवर एक गट आहे, तुम्ही दोघंही त्यात आहात, आंबवणात पाणी किती घालावं यावर ताईनं काही लिहिलं आणि धाकट्यानं हजारो परक्या माणसांसमोर त्याला हास्यास्पद म्हटलं. त्यावर ताईनं काय उत्तर दिलं, ते आईनं मला वाचून दाखवलं नाही.

मला पावातलं काही कळत नाही. पण छंदी माणसांनी एकमेकांशी कसं भांडावं, या एका विषयाला निवृत्तीनंतरचं सगळं आयुष्य वाहिलेला एक माणूस मी जवळून पाहिला आहे. ते आमचे जे. पी. नगरचे घरमालक. तुमच्या आईला त्यांच्याबद्दल विचाराल तर ती फक्त एका कर्कश आवाजाबद्दल सांगेल. तेवढ्यावर त्यांची ओळख संपू नये, म्हणून हे लिहिते आहे.

नव्वदच्या दशकात आम्ही त्यांच्या तळमजल्यावर भाड्यानं राहत होतो. वरच्या मजल्यावर ते एकटे. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरूतलं. त्यामुळे त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत "स्वल्प थांबा" असे आणि "सरी" म्हणजे ठीक आहे असे. वयानं माझ्याहून बरेच मोठे असूनही मला अक्का म्हणत. मे महिन्यातही बिनबाह्यांचा स्वेटर घालत. तुमच्या आजोबांनी एकदा विचारलं, तर म्हणाले, "थंडी केव्हा येईल हे ती सांगून येत नाही."

नोकरी टेलिफोन खात्यात झाली होती, ट्रंक कॉल जोडण्याची. तेव्हा परगावी बोलायचं तर मध्ये माणूस लागे, आणि तो माणूस म्हणजे आमचे मालक. तीसेक वर्षं त्यांनी लोकांची लग्नं ठरताना, मोडताना, भावाभावांच्या वाटण्या होताना कानांनी पाहिल्या. "ऐकू सगळं येई," ते म्हणत, "पण ऑपरेटरनं मध्ये बोलायचं नसतं. एक नवरा बायकोला म्हणाला, तू पाठवलेलं पत्र मला मिळालंच नाही. त्याच सकाळी त्यानं त्या पत्राबद्दल आपल्या भावाशी अर्धा तास चर्चा केली होती, माझ्याच लाइनीवर. मी काय केलं? वेळ संपली एवढंच सांगितलं."

निवृत्तीनंतर त्यांनी संगणक घेतला आणि त्याला फोनची तार जोडली. हे इंटरनेट घरोघरी येण्याच्या आधीचं. तेव्हा ज्याच्याकडे संगणक आणि मोडेम असे, तो दुसऱ्याच्या संगणकाला फोन लावून तिथे निरोप लिहून ठेवू शकत असे. नंतर तिसरा येऊन ते वाचे आणि आपलं लिही. याला बोर्ड म्हणत. मालकांचा बोर्ड गुलाब लावणाऱ्यांचा होता. शहरातले इंजिनियर, एक निवृत्त न्यायाधीश, कारखान्यातले काही अधिकारी, अशी मंडळी. सगळं इंग्रजीत चाले. लाइन एकच असल्यामुळे एका वेळी एकच माणूस आत येऊ शके. दुसऱ्या कोणी फोन लावला तर त्याला एंगेज टोन. पुढे मी माणसं एकमेकांशी बोलण्याच्या अनेक पद्धती पाहिल्या. एक बोलत असताना दुसऱ्याला आत येणंच अशक्य करणारी मात्र तेवढीच.

अडचण अशी की तोच फोन तळमजल्यावर आम्हालाही होता. मी किराणेवाल्याला फोन करायला रिसीव्हर उचलला की वर आलेल्या माणसाचा संपर्क तुटे. मग जिन्यावर सावकाश चपला वाजत.

"अक्का, आत्ता तुम्ही एका माणसाला वाक्याच्या मध्यात तोडलंत."

"मला तूरडाळ हवी होती."

"असेल. पण ते निंबोळी पेंडीबद्दल सांगत होते."

तुमची आई तेव्हा पुण्याला हॉस्टेलवर होती. तिचा फोन बहुतेक वेळा मोडेम उचले आणि तिच्या कानात किंचाळे. पहिल्या वेळी तिनं त्याला दोनदा विचारलं होतं, "हॅलो, आई आहे का?"

बोर्डावर कोणी आलं की मालक संगणकाच्या पडद्यावर टॉवेल टाकत. येणारा माणूस टाइप करील ते एकेक अक्षर त्या पडद्यावर उमटे, आणि लिहिणाऱ्याच्या खांद्यावरून वाचू नये, असं त्यांचं मत होतं. समोरची खुर्चीही रिकामी ठेवत. एकदा मी पोहे द्यायला वर गेले आणि त्या खुर्चीवर बसू लागले, तर म्हणाले, "इथे नको, स्वल्प बाजूला. न्यायाधीश आले आहेत." मी आजूबाजूला पाहिलं. टॉवेलखाली पडदा चमकत होता.

बोर्डाचे नियम त्यांनी स्वतः तयार केले होते. इंग्रजी मी तपासून दिलं, म्हणून मला ते पाठ आहेत. रागाचं उत्तर सकाळच्या कॉफीनंतर द्यावं. एकाच माणसाला लागोपाठ दोनदा उत्तर देऊ नये, मध्ये तिसऱ्याला येऊ द्यावं. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम: दुसऱ्याचं मत खोडायचं असेल, तर आधी आपल्या हातून मेलेलं एक झाड सांगावं.

"हे कशाला?" मी विचारलं होतं.

"ज्याचं एकही झाड मेलं नाही, त्याला काय ठाऊक? आणि ज्याचं मेलं आहे, तो जरा हळू बोलतो."

हे मात्र खरं निघालं. न्यायाधीशांनी लिहिलं, "मी जास्त पाणी घालून एक सुंदर पांढरा गुलाब मारला. तरीही माझं नम्र म्हणणं आहे की..." अशी सुरुवात केल्यावर माणूस पुढे फार ओरडू शकत नाही. बोर्डावर इतकी मेलेली झाडं जमली की तुमचे आजोबा त्याला वरची स्मशानभूमी म्हणत.

हा नियम मालक बोर्डाबाहेरही लावत. आजोबांनी एकदा कोणत्या तरी फलंदाजाला शिव्या घातल्या, तर मालक म्हणाले, "तुम्ही कधी शून्यावर आउट झालात?" आजोबा म्हणाले, "मी कधी खेळलोच नाही." "मग सरी," मालक म्हणाले आणि पेपर घडी करून ठेवला. त्यांच्या बिसीबेळेभातात मीठ जास्त झाल्याचं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मला माझ्या बिघडलेल्या पुरणाची गोष्ट सांगावी लागली. मग त्यांनी मीठ मान्य केलं.

पण एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. बोर्डावर मालकांचं स्वतःचं मत एकही नव्हतं. येणाऱ्याचं स्वागत, नियमाची आठवण, बस. कारण साधं होतं. त्यांच्या हातून एकही झाड मेलं नव्हतं. त्यांच्याकडे झाड होतंच एक: फाटकाजवळचा गुलाब. तोही त्यांनी लावलेला नव्हता. त्यांच्या पत्नीनं स्वतः कलम बांधून तो तयार केला होता. आम्ही राहायला येण्याच्या आधीच त्या गेल्या होत्या. दुधात केशराच्या दोन काड्या पडाव्यात तसा त्याचा रंग. त्याला नाव नव्हतं. मालक त्याला पाणी घालत, त्याच्याखालची पानं उचलत, पण कात्री कधी लावत नसत. "तिचं आहे," म्हणत. मला गुलाब वाढवता येत नाहीत, पण गुलाबवाल्यांना बोलतं ठेवता येतं, म्हणून मी बोर्ड काढला, असं त्यांनी एकदा सांगितलं होतं.

एका मार्च महिन्यात त्या झाडाचे शेंडे काळे पडू लागले. हा रोग वरून खाली उतरतो. काळं खोडापर्यंत पोचलं की झाड गेलं. मालकांनी बोर्डावर प्रश्न टाकला: काय करावं?

बोर्डावर दोन पक्ष पडले. पहिल्या पक्षाच्या पुढारी होत्या आनेकलच्या दाताच्या डॉक्टर. त्याही जुन्या इथल्याच मराठी घराण्यातल्या. मालकांना अण्णा म्हणत. आनेकल शहराबाहेर, एसटीडीचा महागडा फोन लावावा लागे, म्हणून मोजकंच लिहीत. त्यांचं म्हणणं: नुसते काळे शेंडे काढा, औषध लावा, खोल छाटणी पावसाळ्याआधी नको, म्हातारं झाड उन्हाळ्यात तो घाव सोसणार नाही. दुसऱ्या पक्षात होता एक तरुण. नुकताच पुण्याहून संगणकाच्या नोकरीसाठी आलेला, के. आर. पुरमला गच्चीवरच्या खोलीत राहणारा, रंगाच्या रिकाम्या डब्यांत गुलाब लावणारा. त्याचं म्हणणं: आत्ताच्या आत्ता गुडघ्याएवढं छाटा, नाहीतर काही उरणार नाही.

म्हणजे त्याचं म्हणणं हे होतं, असं आम्हाला नंतर कळलं. कारण त्याला ते मांडताच येईना. छंद नवा होता आणि त्याची सगळी झाडं जिवंत होती.

त्यानं विनंती केली, अपवाद करा. मालकांनी लिहिलं, नियम सर्वांना सारखा. चार दिवसांनी तो पुन्हा आला. त्यानं लिहिलं, "काल मी माझ्या एका झाडावर उकळतं पाणी ओतलं. ते मेलं. आता बोलू का?"

बोर्डावर असा गदारोळ पूर्वी झाला नव्हता. गदारोळ अर्थात एकेकानं येऊन केला, कॉफीनंतर. डॉक्टरांनी एकच ओळ लिहिली: हा अनुभव नव्हे, खून आहे. न्यायाधीशांनी हेतू आणि परिणाम यांवर दोन पानं लिहिली. आता निवाडा मालकांनी द्यायचा होता, मुद्दाम मारलेलं झाड धरावं की नाही याचा. ते विचार करू लागले. ते विचार करत होते आणि रोज सकाळी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला दिसे, की काळं आणखी एक पेर खाली उतरलं आहे.

शेवटी मला राहवेना. मी बाहेर गेले.

"मालक, तुमचं झाड मरतंय."

"हो."

"आणि तुम्ही त्या मुलाला बोलू देत नाही."

"आज त्याला बोलू दिलं, तर उद्या लोक आपापली झाडं उकळतील, अक्का."

"तुमच्या मिसेस असत्या तर त्यांनी काय केलं असतं?"

त्यांनी झाडाखालचं एक पान उचललं. "तिनं विचारलंच नसतं. कात्री घेतली असती."

"मग?"

"ती ऑपरेटर नव्हती," ते म्हणाले आणि वर गेले.

पुढच्या रविवारी सकाळी तो पुण्याचा मुलगा मोटरसायकलवर फाटकाशी येऊन थांबला. हातात नवी कोरी छाटणीची कात्री.

"काका, सॉरी, पण ॲक्चुअली आता बोर्डावर वेट करण्यात पॉइंट नाही."

तेवढ्यात रिक्षातून एक ठेंगण्या, ताठ बाई उतरल्या. खांद्याला पिशवी. त्या आनेकलच्या डॉक्टर. आदल्या संध्याकाळी मुलानं बोर्डावर लिहिलं होतं की उद्या मी येतोय. ते वाचून त्या पहिली बस पकडून आल्या होत्या. बोर्डावर आजवर या दोघांनी एकमेकांना आदरणीय सदस्य म्हटलं होतं. फाटकाशी पहिलं वाक्य असं झालं:

"तूच का तो उकळतं पाणीवाला?"

"आणि तुम्ही त्या, वाट बघा, वाट बघा म्हणणाऱ्या!"

"मी रोज दात उपटते, म्हणून सांगते. घाई ज्याला असते, त्याच्या हातात चिमटा द्यायचा नसतो."

"मॅडम, इन्फेक्शन पसरतंय आणि तुम्ही—"

"मला शिकवतोस?"

मालक जिना उतरून आले. स्वेटर होता. त्यांनी हात वर केला. "एका वेळी एक. लाइन एकच आहे." आणि त्यांनी डॉक्टरांना नम्रपणे फाटकाबाहेर उभं राहायला सांगितलं, फाटकाची कडी लावली, आणि स्वतः पायरीवर बसून तोंड भिंतीकडे वळवलं. माझ्या मते तो टॉवेल होता.

मुलगा आत झाडाजवळ उभा. "काका, हे बघा, इथपर्यंत काळं—"

"आधी झाड," मालक भिंतीला म्हणाले.

"सांगितलं ना, मी गरम पाणी—"

"कसं?"

मुलगा झाडापासून एक पाऊल मागे सरला. मग म्हणाला, "स्टोव्हवर भांडं ठेवलं. पाणी उकळेपर्यंत गच्चीत जाऊन कुठलं मारायचं ते बघत होतो. एकाला कळी होती, ते सोडलं. दुसऱ्यावर ओतलं. पानं लगेच... पालेभाजी शिजते ना, तसा वास आला. मला वाटलं नव्हतं वास येईल. मग मी त्याला गार पाणी घातलं. का घातलं कुणास ठाऊक." त्यानं कात्री या हातातून त्या हातात घेतली. "दोन दिवस मी गच्चीत गेलोच नाही."

"एवढं लिहिलं असतंस तर!" फाटकाबाहेरून डॉक्टर म्हणाल्या.

"डॉक्टर, तुम्ही बाहेर आहात."

"बाहेर आहे अण्णा, बहिरी नाही!"

मालक उठले. "सरी. हे झाड धरलं. बोल."

मग मुलगा बोलला, मग डॉक्टरांची पाळी आली आणि मुलगा बाहेर गेला. दोघांचं ऐकून मला दोन्ही वेळा पटलं. डॉक्टर बोलून थांबल्या. मालकांनी फाटक उघडलं. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले.

"बोला अण्णा. काय करायचं?"

"मी कसं सांगणार? माझं कुठलं झाड मेलंय?"

"मालक, झाड तुमचं आहे," मी म्हणाले.

"झाड तिचं आहे, अक्का."

आजोबा खिडकीतून पाहत होते, त्यांनी खिडकी हळूच लावून घेतली. शेवटी डॉक्टरांनीच पिशवीतून धारदार सुरी काढली.

"छाटत नाही. एक हिरवी फांदी नेते. कलम बांधून पाहीन. याला तरी मत लागत नाही ना?"

मालकांनी बराच विचार केला. "याला लागत नाही."

"मग मीपण नेतो," मुलगा म्हणाला.

डॉक्टरांनी त्याच्या हातातली कात्री बाजूला सारली, दुसरी फांदी स्वतः कापली, ओल्या कापडात गुंडाळून त्याला दिली आणि फांदीतला डोळा काढून दुसऱ्या झाडाच्या सालीत कसा बसवायचा ते पायरीवर बसून त्याला दाखवलं. दाखवताना त्या त्याला तीनदा मूर्ख म्हणाल्या. मी सगळ्यांना उप्पीट दिलं. तिखट जास्त झालं होतं, कोणी काही म्हणालं नाही.

वाद बोर्डावर पुढे चालूच राहिला. मे महिन्यात, वाद संपायच्या आधी, झाड मेलं. मुलाचं ऐकलं असतं तर ते जगलं असतं की लवकर मेलं असतं, हे आजवर कोणालाच सांगता आलेलं नाही.

मालकांनी ते खणून काढलं नाही. एका सकाळी त्यांनी स्वतः बोर्डावर लिहिलं, आणि आधी मला वाचून दाखवलं, इंग्रजी तपासायला. मी एकही शब्द बदलला नाही. मराठीत ते साधारण असं होतं:

"माझ्या हातून मेलेलं झाड: फाटकाजवळचा गुलाब. माझ्या पत्नीचा. नियम पाळता पाळता मेला. म्हणून आता मला मत आहे. झाड आजारी पडलं, तर आधी एक जिवंत फांदी काढून सुरक्षित ठेवावी. मग हवं तेवढं भांडावं."

त्या दिवशी आमचा फोन संध्याकाळपर्यंत रिकामा झाला नाही. जो तो येऊन वाचून जात होता. कोणीही काही लिहिलं नाही. मालक जिन्यात बसून होते, वर पडद्यावर टॉवेल होता. मी त्या दिवशी फोनला हात लावला नाही. तूरडाळ चालत जाऊन आणली.

मुलाची कलमं सगळी वाळली. त्यानं बोर्डावर तसं लिहिलं, डॉक्टरांनी उत्तर दिलं, "अभिनंदन. हे झाड खरं." त्यांची स्वतःची दोन जगली. पावसाळ्यानंतर त्या बसनं पुन्हा आल्या, एक कुंडी मालकांना दिली आणि दुसरी त्या मुलाला. तो त्यांना अक्का म्हणू लागला होता. भांडणं तशीच चालू होती, फक्त आता ती आमच्या पायरीवर बसूनही होत. मालकांनी आपली कुंडी फाटकाजवळ ठेवली आणि पुढच्या वर्षी स्वतः छाटली. वाईट छाटली. डॉक्टरांनी सांगितलंही. मालक म्हणाले, "आधी तुमचं झाड सांगा," आणि पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं.

मग इंटरनेट आलं आणि बोर्डावर येणारे कमी होत गेले. तो मुलगा मालकांना एकदा सायबर कॅफेत घेऊन गेला, गुलाबवाल्यांचा एक जागतिक गट दाखवायला. मालक तासभर वाचत बसले. परत आल्यावर मी विचारलं, कसं होतं?

"मोठं एक्स्चेंज आहे, अक्का. सगळ्यांच्या लाइनी एकदम जोडल्या आहेत. ऑपरेटर मात्र नाही."

"मग तुम्ही काही लिहिलंत?"

"लिहिलं. एकानं मला विचारलं, मेलेलं झाड कशाला सांगता?"

आम्ही ते घर सोडलं तेव्हा त्यांनी आम्हाला त्या गुलाबाचं एक कलम दिलं. पुढे काही वर्षांनी ते गेले. घर विकलं गेलं, आता तिथे चार मजले आहेत. डॉक्टर अजून आनेकलला आहेत, हात थरथरतो म्हणून दवाखाना बंद केला आहे. तो मुलगा, आता तोही पन्नाशीचा झाला, दर दिवाळीला त्यांच्याकडे जातो आणि भांडून येतो.

माझ्या हातून मेलेलं झाड, तुम्ही विचाराल म्हणून: एक तुळस आणि दोन कढीपत्ते. म्हणून मला एवढंच म्हणायचं आहे की आंबवणात पाणी किती घालावं ते तुम्ही दोघं ठरवा, हवा तेवढा वेळ घ्या. पण ताईच्या वाढदिवसाचा फोन त्याआधी व्हावा.

तो गुलाब माझ्या बाल्कनीत आहे. आज त्याला दोन कळ्या आहेत.